झिजलेली तबकडी

मंगळवारी संध्याकाळी 'ड्रोव्हर्स' पबच्या मागल्या खोलीत पाच माणसं जमायची, आणि पाचांच्यात मिळून गुडघ्यांची एक धड जोडी निघाली नसती. लायनेल प्रीस त्यांचा कप्तान. कप्तान म्हणजे काय, तर खोलीची किल्ली त्याच्याकडे, दिवे लावायचे त्याने, तबकडी टांगायची त्याने, आणि सगळे गेले की जमिनीवर विखुरलेले छर्रे झाडून गोळा करायचे तेही त्यानेच. आयुष्यभर बसगाड्यांची इंजिनं चालू ठेवली, आता म्हातारपणी ही खोली चालू ठेवायची, असं तो म्हणायचा. हल्ली त्याला हे म्हणायचाही कंटाळा आला होता.

खेळ तसा साधा. खोलीच्या एका टोकाला उभं राहायचं, कशाचाही आधार न घेता छर्ऱ्याची बंदूक खांद्याला लावायची आणि नेम धरायचा. समोरच्या भिंतीवर लोखंडी तबकडी, तिच्या मधोमध वाटाण्याहून किंचित मोठं भोक, आणि भोकामागे घंटा. छर्रा भोकातून गेला की घंटा वाजते, पाच गुण. नाही गेला तर तबकडीच्या पांढऱ्या रंगावर डाग उमटतो. बाजूच्या कोनाड्यात उभा असलेला मार्कर तो बघून चार, तीन, दोन, जे असेल ते मोठ्याने पुकारतो आणि ब्रशने रंग फासून तबकडी पुन्हा पांढरी करतो. मार्करही लायनेलच. बाकीच्यांना तेवढा वेळ उभं राहवत नसे.

पूर्वी बारमध्ये बसलेली माणसं आतल्या घंटेवर पैजा लावत. आता बारमध्ये टीव्ही होता आणि आतली घंटाही फारशी वाजत नव्हती.

"हे बघ लायनेल," मालकीण बेव्हर्ली एप्रिलमध्ये म्हणाली. बाई मनाची वाईट नव्हती, पण धंदा म्हणजे धंदा. "लीगला सहा जणांचा संघ लागतो. विल्फ गेल्यापासून तुम्ही पाच. आणि रविवारी माझ्याकडे जेवायला आलेली माणसं जागा नाही म्हणून दारातून परत जातात. परत! सप्टेंबरात लीगकडे नावं जातील ना, तेव्हा सहा असतील तर खोली तुमची. नसतील तर मी तिथे टेबलं टाकणार."

"सहावा आणतो," लायनेल म्हणाला.

"म्हातारा आणू नकोस. पुढच्या वर्षी पुन्हा हेच बोलायची ताकद नाही माझ्यात."

तरुण माणूस आणायचा म्हणजे कुठून? लायनेल शाळेत गेला. हेडबाईंनी हसून चहा दिला, 'बंदूक' हा शब्द ऐकला आणि कप खाली ठेवला. चहा संपायच्या आत भेट संपली. मग तो शेतकऱ्यांच्या पोरांच्या क्लबात गेला. त्यांच्या घरी खऱ्या दुनळी बंदुका. छर्ऱ्याची बंदूक बघून एक जण म्हणाला, "आजोबा, याने माशी तरी मरते का?" सगळे खो खो हसले, आणि लायनेलही हसला, कारण न हसून करतो काय. जत्रेत स्टॉल लावला, तर मुलं येऊन विचारत, याचा स्क्रीन कुठाय. पालथ्या घड्यावर पाणी किती वेळा ओतायचं?

शेवटचा उपाय म्हणून मे महिन्यात एका मंगळवारी त्याने खोली सगळ्यांना खुली ठेवली. म्युरियलने चीज-कांद्याचे सँडविच केले. म्युरियल म्हणजे संघातली एकुलती बाई, शाळेच्या खानावळीत हयात घालवलेली. अजूनही समोर दिसेल त्याला ती खायला घाली आणि वर दटावत असे. लायनेल लवकर येऊन कपाट आवरत होता, तेव्हा मागे टेकवून ठेवलेली जुनी तबकडी त्याच्या हाताला लागली.

वर्षानुवर्षं छर्रे आपटून आणि दर मोसमाला कानशीने कड घासून तिचं भोक मोठं झालं होतं. फार नाही. लांबून कुणाला कळलं नसतं. पण नेम चुकलेला छर्राही त्यातून सुखाने आत गेला असता. अशी तबकडी सामन्याला चालत नाही म्हणून ती बाद केलेली. लायनेल तिच्याकडे बघत राहिला. नवशिक्याला पहिल्या दिवशी घंटा ऐकू आली तरच तो दुसऱ्या दिवशी येतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. एक संध्याकाळ, त्याने मनाशी म्हटलं, आणि ती टांगून वर जाड रंग फासला.

तिघं आले. त्यातलं एक जोडपं सँडविच खाऊन, एकेक छर्रा मारून, आपापल्या फोनमध्ये बघत निघून गेलं. तिसरी टॅम्सिन. तिला खरं म्हणजे यायचंच नव्हतं. ती व्हॅनमधून पार्सलं पोचवायची, बेव्हर्लीचं खोकं द्यायला आली आणि आतला आवाज ऐकून दारात थबकली.

"हे काय चाललंय?"

"ये आत," म्युरियल म्हणाली. "आधी खा. हाडं दिसतायत तुझी."

तिच्या दुसऱ्याच छर्ऱ्याला घंटा वाजली. टॅम्सिनने बंदूक खाली केली आणि सगळ्यांकडे अशी बघायला लागली, जणू कुणीतरी तिची चूक पकडली होती. "मी केलं ते?"

"मग काय मी केलं?" संघातला सगळ्यांत म्हातारा हॉरेस म्हणाला. "मार अजून."

तिने आणखी तीन घंटा वाजवल्या. जाताना दारातून मागे वळून म्हणाली, "मला शाळेत बास्केटबॉलमध्येसुद्धा कुणी घेतलं नव्हतं. पुढच्या मंगळवारी आले तर चालेल?"

आता सांगा, लायनेलने काय करायला हवं होतं? पुढच्या मंगळवारी खरी तबकडी टांगली असती तर पोरीची एक घंटा वाजली नसती, आणि ती पुन्हा दिसली नसती. त्याने जुनीच टांगली. मग त्याच्या पुढच्या मंगळवारीही. जरा हात बसू दे, मग बदलू, असं म्हणत जून गेला, जुलै गेला. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो म्हणतात, तसा हा सोकावला.

आणि त्याच्या ध्यानीमनी नसलेली एक गोष्ट झाली. घंटा काही एकट्या टॅम्सिनसाठी वाजत नव्हती.

संघातले प्यू बंधू, थोरला आणि धाकटा, बापाच्या कुंपणावरून भांडले तेव्हापासून एकमेकांशी बोलत नसत. ते आता एकमेकांना हरवायला इरेला पेटले. म्युरियल आपली घंटा वाजली की ऐटीत ॲप्रनला हात पुसायची. पण सगळ्यांत बदलला तो हॉरेस ग्विलियम. हॉरेस ब्याऐंशीचा, सायडरच्या, म्हणजे सफरचंदाच्या दारूच्या, कारखान्यातला जुना माणूस, एके काळचा या जिल्ह्यातला पहिल्या नंबरचा नेमबाज. दोन वर्षांत त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता आणि नेम पार गेला होता. तरी तो यायचा, आपल्या पाळीला दोन-तीन गुण घ्यायचा आणि कोपऱ्यात अर्धा पाइंट सायडर घेऊन गप्प बसायचा. लायनेलला नेमबाजी शिकवली ती त्यानेच.

आता हॉरेसच्या घंटा वाजू लागल्या. पहिल्या आठवड्यात एक वाजली. दुसऱ्या आठवड्यात दोन वाजल्या, तेव्हा त्याने बंदूक टेबलावर ठेवून खिशातून रुमाल काढला आणि विनाकारण नाक शिंकरलं. जुलैत तर गडी टाय लावून यायला लागला.

"म्हाताऱ्याला पंख फुटले," म्युरियल म्हणाली.

"पंख नाहीत गं, डोळे," हॉरेस म्हणाला. "गाजरं खातो रोज. टॅम्सिन, खांदा सैल सोड. श्वास अर्धा सोडायचा आणि तिथेच थांबायचं. हां. आता बोट नुसतं आवळ."

घंटा वाजली. हॉरेसने कोनाड्याकडे बघून डोळा मारला. लायनेलने "पाच!" असं पुकारलं आणि तोंड फिरवून तबकडीवर रंग फासायला लागला. हॉरेस इतका खूश दिसत होता, की त्याच्याकडे बघवेना.

ऑगस्टमध्ये पलीकडच्या गावच्या पबाने मैत्रीचा सामना खेळायला बोलावलं. नाही म्हणायला लायनेलला कारण सापडेना. सापडलं असतं तरी टॅम्सिन ऐकणार नव्हती. तिने सगळ्यांसाठी एकसारखे हिरवे टी-शर्ट छापून आणले होते. रविवारी दुपारी तीन गाड्यांतून ते सहा जण गेले. प्यू बंधू अर्थातच वेगवेगळ्या गाड्यांत.

तिथली तबकडी कोरी करकरीत होती.

टॅम्सिनचे सात छर्रे: तीन, दोन, तीन, एक, तीन, दोन, चार. घंटा एकही नाही. चौथ्या छर्ऱ्यानंतर तिच्या मानेवर लाल चट्टे उठले. समोरच्या संघातले लोक चांगले होते. "नवी आहे, शिकेल" म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्यांनीच ती जास्त खचली. प्यू बंधूंचं तेच, म्युरियलचं तेच. मग हॉरेस उभा राहिला. त्याचा दुसरा छर्रा तबकडीभोवतीच्या लाकडी चौकटीत घुसला. पाचवासुद्धा. तिथला मार्कर हळू आवाजात "शून्य" म्हणाला.

"दिवा पिवळा आहे यांचा," हॉरेस म्हणाला. "पिवळ्या उजेडात काय दिसणार कपाळ."

परत येताना हॉरेस आणि टॅम्सिन लायनेलच्या गाडीत होते. टॅम्सिन मागे खिडकीला डोकं लावून बसली होती. लायनेलच्या मनात चाललं होतं की आता हिला काहीतरी सांगावं, निदान थोडंसं. तेवढ्यात पुढे बसलेला हॉरेस मागे वळला.

"पोरी, एका दिवसावर जाऊ नकोस. वाईट दिवस सगळ्यांना येतात. माझंच बघ. डॉक्टर म्हणत होते, डोळे कामातून गेले, ऑपरेशन करा. वर्षभर सरकारी हॉस्पिटलच्या रांगेत होतो. सप्टेंबरातली तारीखही मिळाली होती."

"होती म्हणजे?" टॅम्सिनने विचारलं.

"फोन करून सांगितलं, द्या दुसऱ्या कुणाला. मंगळवारी तीन घंटा वाजवणाऱ्या माणसाच्या डोळ्यात सुरी कशाला घालायची? डॉक्टर चुकेल, यंत्र चुकेल. घंटा खोटं बोलत नाही."

लायनेल घराकडचं वळण चुकला. तीस वर्षं याच रस्त्यावर त्याने बस तपासायला नेल्या-आणल्या होत्या.

"अरे, कुठे चाललास?" हॉरेस म्हणाला. "आता तुझे डोळे गेले वाटतं."

लायनेलने गाडी वळवली.  हॉरेसला त्याच्या दारात उतरवलं, टॅम्सिनला तिच्या व्हॅनपाशी सोडलं, आणि घरी येऊन तो कोट न काढताच स्वयंपाकघरात बसून राहिला. त्याला स्वतःची चीड आली होती, पण चिडायलाही अंगात जोर लागतो, आणि तो आता उरला नव्हता. तो फक्त दमला होता. एका पोरीला धरून ठेवण्यासाठी त्याने आपल्या गुरूला आंधळं ठेवलं होतं. याला दुसरं नाव नव्हतं.

मंगळवारी सगळे जमले तेव्हा भिंतीवर काहीच टांगलेलं नव्हतं. टेबलावर दोन तबकड्या शेजारी शेजारी ठेवलेल्या होत्या, रंग खरवडून काढलेल्या. लायनेलने एक छर्रा घेऊन दोन्ही भोकांवर धरून दाखवला. सांगायला फार वेळ लागला नाही. कारण सांगायला गेला, तर ते त्याचं त्यालाच पोकळ वाटलं, म्हणून त्याने ते अर्ध्यावर सोडलं.

 मग थोरला प्यू धाकट्याकडे वळला आणि कुंपणानंतर पहिल्यांदा त्याच्याशी बोलला. "म्हणजे तू मला हरवलंच नव्हतंस."

"गप ए," धाकटा म्हणाला.

टॅम्सिनने जुनी तबकडी उचलून भोकात करंगळी घालून बघितली. "म्हणजे मी भंगार आहे."

"भंगार नाहीस. नवी आहेस."

"मग तेव्हाच सांगायचं ना तसं! मी आईला सांगितलं, डेपोत सगळ्यांना सांगितलं. टी-शर्ट छापले, लायनेल! टी-शर्ट!" तिचा आवाज चिरकला. "तुम्हाला काय वाटलं, घंटा वाजली नाही तर मी पळून जाईन?"

"हो," लायनेल म्हणाला. "तसंच वाटलं."

तिने खरी तबकडी त्याच्या हातात दिली. "टांगा." आणि ओठ आवळून ती रांगेत जाऊन उभी राहिली. त्या संध्याकाळी तिची एकही घंटा वाजली नाही, पण ती शेवटपर्यंत थांबली. म्युरियलने तिच्या बशीत न विचारता सँडविच वाढले आणि तिने रागारागाने ते सगळे खाल्ले.

हॉरेस मात्र कोपऱ्यात बसून होता. आपली पाळी त्याने घेतली नाही. सगळे बाहेर पडायला लागले तेव्हा त्याने लायनेलला हाताने थांबवलं.

"सगळ्या त्याच तबकडीच्या?"

"सगळ्या."

"माझी मेहुणी आली होती बघायला, त्या दिवसाचीसुद्धा?"

"हो."

हॉरेसने मान हलवली. "पोरीसाठी केलंस, ते समजलं. मीही केलं असतं. पण मला का नाही सांगितलंस?"

लायनेलने टेबलावरचे छर्रे गोळा करायला घेतले.

"मला सांगितलं असतंस तर मी तोंडाला कुलूप घातलं असतं. तुझ्या जोडीला उभा राहिलो असतो. दोघांनी मिळून फसवलं असतं तिला. तू मला फसणाऱ्यांत बसवलंस, लायनेल."

"तू खूश होतास रे."

"तेच तर." हॉरेस उठला. त्या दिवशीही त्याने टाय लावला होता. बंदूक त्याने पिशवीत घातली आणि चेन लावायला त्याला वेळ लागला, कारण चेनचं टोक त्याला दिसत नव्हतं. लायनेल मदतीला पुढे झाला नाही. तेवढी तरी अक्कल त्याला आली होती.

हॉरेसने पुन्हा फोन केला, पण हॉस्पिटलने त्याला रांगेच्या शेवटी टाकलं. आणखी वर्ष, कदाचित जास्त. गेलेली तारीख दुसऱ्या कुणाच्या तरी डोळ्यांना मिळाली होती.

पुढच्या मंगळवारी हॉरेस आला नाही. त्याच्या पुढचा मंगळवार म्हणजे नावं द्यायचा शेवटचा दिवस. संध्याकाळी खोली उघडून दिल्यावर लायनेल टेकडी चढून हॉरेसच्या घरी गेला. दार उघडून हॉरेस उंबऱ्यात उभा राहिला. आत ये म्हणाला नाही.

"आज नावं द्यायचीत," लायनेल म्हणाला.

"माहितेय."

"पाचच होतायत."

"पोरगी येतेय अजून?"

"येतेय. मला शिव्या घालते, पण येतेय."

"हुं. आहे तिच्यात." हॉरेसला बरं वाटलं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. "मग मी कशाला हवाय? मला आता चौकटसुद्धा दिसत नाही."

लायनेलच्या जिभेवर बरंच काही आलं. तुझ्यावाचून खोली सुनी वाटते, पोरीला शिकवायला तूच हवास, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. पण ते गोड होतं, आणि गोड बोलण्याची त्याला आता भीती वाटायला लागली होती.

"सहावं नाव म्हणून," तो म्हणाला. "तू यायचं, उभं राहायचं आणि शून्य घ्यायचं. हिवाळाभर. नाहीतर खोली जाईल."

"सगळ्यांसमोर शून्य घ्यायला बोलावतोयस मला?"

"हो."

हॉरेसने त्याच्याकडे बघितलं. किती दिसत होतं त्याला, देव जाणे. "निदान हे खरं बोललास," तो म्हणाला. "पण नाही रे. जमायचं नाही मला." आणि त्याने दार लावलं, आदळलं नाही, हळूच लावलं.

लायनेल उतार उतरून परत आला. बारमध्ये बेव्हर्लीने त्याचा चेहरा बघितला आणि काही न विचारता त्याच्यासमोर अर्धा पाइंट सायडर ठेवला. "टेबलांचा माणूस महिनाअखेरीला येतोय," ती म्हणाली. "तोवर खोली वापरा. मला आनंद होत नाहीये यात, कळलं ना?" त्याने मान डोलावली. पोरगी टिकली होती, आणि खोली गेली होती. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला ते तर गेलंच, वर हॉरेसही गेला.

मागे चौघं वाट बघत होते. टॅम्सिन बंदूक हातात घेऊन आपल्या जागेवर उभी होती, त्याच हिरव्या टी-शर्टात.

"येतायत?" तिने विचारलं.

पुढच्या आठवड्यात येईल म्हणाला असता तर तिचा चेहरा खुलला असता. म्युरियलचाही. तेवढ्यापुरतं सगळ्यांनाच बरं वाटलं असतं.

"नाही," लायनेल म्हणाला. "तो येणार नाही. संघ होत नाही, आणि महिनाअखेरीला ही खोलीही जाणार."

प्यू बंधूंनी एकमेकांकडे बघितलं. म्युरियल सँडविचवर ओला फडका घालायला लागली.  टॅम्सिनने डोळे पुसले, बंदूक खांद्याला लावली, खांदा सैल सोडला, श्वास अर्धा सोडला आणि तिथेच थांबली. लायनेल घाईघाईने कोनाड्यात जाऊन उभा राहिला. छर्रा सुटला. तो वाकून तबकडीकडे बघू लागला. डाग खाली डावीकडे होता, भोकापासून बराच लांब.

"दोन!" त्याने खोलीभर ऐकू जाईल असं पुकारलं, आणि ब्रश उचलला.